बेसबॉलचा बॉक्स स्कोर कसा वाचावा: १९५६ च्या एका सामन्याचा हिशेब

क्रिकेटचे धावफलक वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला बेसबॉलचा बॉक्स स्कोर पहिल्यांदा पाहताना तो ओळखीचा वाटतो आणि तरीही त्यातले काही उलगडत नाही. ही ओळख खोटी नाही. हेन्री चॅडविक हा इंग्लंडमधल्या एक्सेटर गावी १८२४ साली जन्मलेला आणि लहानपणी अमेरिकेत गेलेला पत्रकार आधी क्रिकेटचे वार्तांकन करत असे. क्रिकेटच्या गुणपत्रिकेचा साचा समोर ठेवून त्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बेसबॉलच्या नोंदीची पद्धत बसवली. पुढे दीडशेहून अधिक वर्षांत रकाने वाढले आणि नियम बदलले, पण मूळ कल्पना तीच राहिली. मैदानात आलेल्या प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक कृतीची नोंद कोणाच्या तरी नावावर झालीच पाहिजे, आणि दोन्ही बाजूंची बेरीज जमाखर्चाच्या वहीसारखी जुळलीच पाहिजे. हे सूत्र ध्यानात ठेवून वाचले, तर सामना न पाहताही तो बराचसा डोळ्यांसमोर उभा करता येतो.

उदाहरणासाठी मी ८ ऑक्टोबर १९५६ चा सामना निवडला आहे. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये यांकीज आणि ब्रुकलिन डॉजर्स यांच्यात झालेला हा वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या वार्षिक विजेतेपदाच्या मालिकेचा, पाचवा सामना होता. त्यात यांकीजचा पिचर (फलंदाजाकडे चेंडू टाकणारा) डॉन लार्सन याने आलेले सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज बाद केले आणि एकालाही पहिल्या बेसवर पोहोचू दिले नाही (फलंदाज ‘होम प्लेट’ या घरातून निघून तीन बेस पार करत घरी परतला की एक धाव होते). वर्ल्ड सिरीजमध्ये असा ‘परफेक्ट गेम’ त्याआधी कधी झाला नव्हता आणि त्यानंतरही झालेला नाही. एका बाजूचे आकडे जवळजवळ सगळे शून्य असल्याने शिकणाऱ्याला हा सामना फार सोयीचा आहे. दुसऱ्या बाजूला मात्र फटके, वॉक, बलिदानाचा बंट आणि दोन डबल प्ले (एकाच खेळीत दोन गडी बाद) असे शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिली पायरी: वरची पट्टी

बॉक्स स्कोरच्या माथ्यावर डावांनुसार धावांची पट्टी असते, आणि वाचायला नेहमी तिथूनच सुरुवात करावी. बेसबॉलमध्ये नऊ डाव असतात. प्रत्येक डावात दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात आणि तीन फलंदाज बाद झाले की संघाची पाळी संपते. पाहुणा संघ आधी खेळतो, म्हणून त्याचे नाव वर असते. आपल्या सामन्याची पट्टी अशी आहे:

ब्रुकलिन: ००० ००० ००० — ० ० ०
न्यूयॉर्क: ००० १०१ ००× — २ ५ ०

शेवटचे तीन आकडे अनुक्रमे धावा, हिट (फलंदाजाला सुखरूप बेसवर पोहोचवणारे फटके) आणि एरर (क्षेत्ररक्षकांच्या चुका) यांचे असतात. यजमानांच्या नवव्या डावाच्या जागी फुली दिसते, कारण ते आधीच पुढे असल्याने त्यांना तो डाव खेळावाच लागला नाही. या छोट्या फुलीचा परिणाम पुढच्या सगळ्या बेरजांवर होतो. यजमानांची फलंदाजी आठच डावांत संपली, म्हणजे त्यांचे सत्तावीस नव्हे तर चोवीसच गडी बाद झाले. ताळा घेताना हे विसरले तर गणित कधीच जुळत नाही.

पट्टीवरून सामन्याचा कल लगेच दिसतो. यांकीजच्या दोन्ही धावा वेगवेगळ्या डावांत, एकेक करून आल्या. पाच हिटमध्ये दोन धावा म्हणजे ब्रुकलिनच्या पिचरनेही काही वाईट मारा केला नव्हता, एवढा अंदाज इथेच बांधून पुढे जावे.

दुसरी पायरी: फलंदाजीचा तक्ता

फलंदाजीच्या तक्त्यात खेळाडू फलंदाजीच्या क्रमाने लिहिलेले असतात. हा क्रम सामनाभर बदलत नाही. नववा फलंदाज खेळून झाला की पुन्हा पहिला येतो, आणि बाद झाला तरी प्रत्येकाची पाळी फिरून येतच राहते. क्रिकेटपेक्षा हा फरक मूलभूत आहे आणि तक्ता वाचण्याची किल्लीही त्यातच आहे. नावापुढे खेळाडूची मैदानातली जागा लिहिलेली असते आणि त्यानंतर आकडे येतात. यांकीजचा तक्ता एबी, धावा, हिट आणि आरबीआय या चार रकान्यांत पाहू:

बाउअर, राइट फील्ड: ४ ० १ १
कॉलिन्स, पहिला बेस: ४ ० १ ०
मँटल, सेंटर फील्ड: ३ १ १ १
बेरा, कॅचर: ३ ० ० ०
स्लॉटर, लेफ्ट फील्ड: २ ० ० ०
मार्टिन, दुसरा बेस: ३ ० १ ०
मॅक्डूगल्ड, शॉर्टस्टॉप: २ ० ० ०
केरी, तिसरा बेस: ३ १ १ ०
लार्सन, पिचर: २ ० ० ०
एकूण: २६ २ ५ २

यातला ‘एबी’, म्हणजे ‘ॲट बॅट’, हा रकाना नवख्या वाचकाला सर्वांत जास्त फसवतो. फलंदाज किती वेळा खेळायला आला हे त्यातून कळत नाही. पिचरने चार ‘बॉल’ (फटक्याच्या ठरलेल्या टप्प्याबाहेरचे चेंडू) टाकल्यामुळे फलंदाज चालत पहिल्या बेसवर गेला, तर त्या ‘वॉक’ची गणना एबीमध्ये होत नाही. चेंडू अंगाला लागून बेस मिळाला, पुढच्या सहकाऱ्याला सरकवण्यासाठी मुद्दाम हलका बंट करून फलंदाज स्वतः बाद झाला, किंवा त्याच्या उंच फटक्यावर झेल गेला पण तिसऱ्या बेसवरचा सहकारी धाव घेऊन आला, तरी एबी वाढत नाही. यामागचे तत्त्व न्याय्य आहे. फटका मारण्याची खरी संधी मिळाली नाही किंवा ती संघासाठी सोडून दिली, तर तिचा भार फलंदाजाच्या सरासरीवर पडू नये. सरासरी म्हणजे हिट भागिले एबी, आणि ती तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. मिकी मँटलची त्या १९५६ च्या हंगामातली सरासरी .३५३ होती, म्हणजे दर हजार एबीमागे ३५३ हिट.

‘आरबीआय’ म्हणजे फलंदाजाच्या कृतीमुळे घरी परतलेल्या धावा. मँटलने चौथ्या डावात होम रन मारला, म्हणजे एकाच फटक्यावर सगळे बेस पार करून तो घरी परतला. त्या वेळी बेसवर कोणी नव्हते, म्हणून त्याच्या नावावर एक धाव, एक हिट आणि एक आरबीआय पडले. केरीच्या ओळीत धाव आहे पण आरबीआय नाही, आणि बाउअरच्या ओळीत नेमके त्याच्या उलट आहे. या दोन ओळी शेजारी ठेवल्या की सहाव्या डावाची गोष्ट बहुतांशी कळते: केरी हिट मारून बेसवर गेला आणि बाउअरच्या हिटवर घरी परतला. मधला फलंदाज लार्सन होता, आणि त्याचे काय झाले हे तक्त्याखालच्या टिपांत सापडते.

तिसरी पायरी: तक्त्याखालच्या टिपा

घाईत वाचणारे ज्याकडे पाहत नाहीत तो हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. होम रन, बलिदानाचे बंट, डबल प्ले, बेसवर अडकलेल्या खेळाडूंची संख्या, पंचांची नावे, सामन्याचा वेळ आणि प्रेक्षकसंख्या यांच्या नोंदी इथे दाटीवाटीने बसवलेल्या असतात. आपल्या सामन्याच्या टिपांत मँटलचा होम रन आहे, लार्सनचा बलिदानाचा बंट आहे, स्लॉटर आणि मॅक्डूगल्ड यांना मिळालेले दोन वॉक आहेत, आणि यांकीजचे तीन खेळाडू बेसवर अडकल्याची नोंद आहे. होम प्लेटमागचे पंच बेब पिनेली होते, सामना दोन तास सहा मिनिटांत संपला आणि ६४,५१९ प्रेक्षक हजर होते.

म्हणजे सहाव्या डावात केरी हिट मारून पहिल्या बेसवर गेला, लार्सनने बंट करून त्याला दुसऱ्या बेसवर सरकवले, आणि बाउअरच्या हिटवर केरीने धाव पूर्ण केली. त्यानंतर कॉलिन्सनेही हिट मारला आणि बाउअर तिसऱ्या बेसवर पोहोचला. मग मात्र टिपांत एक विलक्षण ओळ येते: ‘डबल प्ले: हॉजेस, कॅम्पानेला, रॉबिन्सन, कॅम्पानेला, रॉबिन्सन.’ ही ओळ आकड्यांतही लिहितात, आणि त्यासाठी क्षेत्ररक्षकांचे क्रमांक पाठ असायला हवेत. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६, आणि बाहेरचे तिघे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा असूनही त्याचा क्रमांक सहावा आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवावे, कारण चूक बहुधा तिथेच होते.

त्यानुसार ही ओळ ३-२-५-२-५ अशी होते. मँटलचा जमिनीवरून गेलेला फटका पहिल्या बेसवरच्या हॉजेसने अडवून त्याला बाद केले आणि लगेच चेंडू कॅचरकडे फेकला, कारण बाउअर घराकडे निघाला होता. बाउअर तिसरा बेस आणि घर यांच्यामध्ये कोंडला गेला. कॅचर कॅम्पानेला आणि तिसऱ्या बेसवरचा जॅकी रॉबिन्सन यांनी चेंडू एकमेकांकडे फेकत त्याला शेवटी बाद केले. छापील पाच नावांत केवढी धावपळ दडली आहे हे कळू लागले की या टिपांवरून नजर नुसती सरकत नाही.

चौथी पायरी: पिचरांचा तक्ता

क्रिकेटमधल्या गोलंदाजीच्या पृथक्करणाशी हा भाग पुष्कळ जुळतो. रकाने असे असतात: टाकलेले डाव, दिलेले हिट, दिलेल्या धावा, त्यांतल्या ‘अर्न्ड’ धावा, वॉक आणि स्ट्राइकआउट (तीन ‘स्ट्राइक’, म्हणजे हुकलेले किंवा टप्प्यातले सोडलेले चेंडू, झाल्याने बाद).

लार्सन, विजयी: ९ ० ० ० ० ७
मॅग्ली, पराभूत: ८ ५ २ २ २ ५

डावांच्या रकान्यात कधी ६.१ किंवा ६.२ असे दिसते. हा दशांश अपूर्णांक नाही. ६.२ म्हणजे सहा पूर्ण डाव आणि सातव्यातले दोन गडी. ७.२ षटके म्हणजे सात षटके दोन चेंडू, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे सांगावेही लागणार नाही.

अर्न्ड धावांचा रकाना नीट समजून घेण्यासारखा आहे. क्षेत्ररक्षकांच्या चुकीमुळे आलेली धाव पिचरच्या माथी मारू नये म्हणून अधिकृत स्कोअरर डाव मनात पुन्हा मांडतो: एरर झाला नसता, तर हा डाव कुठे संपला असता आणि किती धावा झाल्या असत्या? त्या मांडणीत ज्या धावा उरत नाहीत त्या ‘अनअर्न्ड’ ठरतात. याचे सुंदर उदाहरण त्याच मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात सापडते, आणि तेही लार्सनच्याच नावावर. त्या सामन्यात तो १.२ डावच टिकला. त्याने चार वॉक दिले आणि त्याच्या नावावर चार धावा लागल्या. त्यांपैकी काही तो मैदान सोडून गेल्यावर पूर्ण झाल्या, तरी ज्या पिचरने खेळाडूला बेसवर जाऊ दिले त्याच्याच खात्यात धाव जाते. पण पहिल्या बेसवरच्या कॉलिन्सच्या हातून एरर झाला होता, म्हणून त्या चारही धावा अनअर्न्ड ठरल्या. ईआरए (पिचरची अर्न्ड धावांची सरासरी) काढताना अर्न्ड धावांना ९ ने गुणून टाकलेल्या डावांनी भागतात. म्हणून यांकीज १३–८ असे हरलेल्या त्या दुपारीही लार्सनचा ईआरए शून्यच राहिला, आणि पूर्ण मालिकेत १०.२ डाव, ४ धावा आणि ०.०० ईआरए अशी त्याची नोंद झाली. नियम चुकलेला नाही. मात्र ईआरए एकटा वाचला, तर चार वॉक देणारा तो अस्थिर लार्सन दिसतच नाही. म्हणून शेजारचे वॉक आणि एकूण धावांचे रकाने पाहिल्याखेरीज ईआरएवर मत बनवू नये.

मॅग्लीचा या सामन्यातला ईआरए ९ × २ ÷ ८, म्हणजे २.२५ येतो. जवळजवळ कोणत्याही दिवशी एवढ्यावर सामना जिंकता आला असता. ‘विजयी’ आणि ‘पराभूत’ ही विशेषणे पिचरच्या नावाला चिकटतात, पण ती मुख्यतः त्याच्या संघाच्या फलंदाजीवर अवलंबून असतात, हे मॅग्लीच्या ओळीइतके स्पष्ट क्वचितच दिसते. आजच्या सामन्यांत एकाच संघाचे चार-पाच पिचर दिसतात. तिथे सर्वसाधारणपणे, संघाने कायमची आघाडी घेतली तेव्हा जो पिचर चालू असतो त्याला विजय मिळतो, मात्र सुरुवातीच्या पिचरने किमान पाच डाव टाकलेले असावे लागतात. निसटती आघाडी शेवटपर्यंत राखणाऱ्याला ‘सेव्ह’ मिळतो. ही नोंद १९६९ पासून अधिकृत आहे, म्हणून १९५६ च्या तक्त्यात ती दिसत नाही.

पाचवी पायरी: ताळा

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा ती पायरी. बॅट घेऊन आलेल्या प्रत्येक फलंदाजाची अखेर तीनपैकी एकाच प्रकारे होऊ शकते. तो धाव पूर्ण करतो, बाद होतो, किंवा डाव संपताना बेसवर अडकतो. चौथी शक्यता नाही. म्हणून एका बाजूला फलंदाज किती वेळा आले त्याची बेरीज मांडावी आणि दुसऱ्या बाजूला धावा, बाद आणि अडकलेले यांची. दोन्ही समान आल्या पाहिजेत.

यांकीजचे एबी २६, वॉक २, बलिदानाचा बंट १, म्हणजे एकूण २९. दुसऱ्या बाजूला धावा २, आठ डावांतले बाद २४ आणि अडकलेले ३, म्हणजे एकूण २९. हिशेब जुळला.

ब्रुकलिनचे एबी २७ आणि बाकी सर्व शून्य. दुसऱ्या बाजूला धावा ०, अडकलेले ०, बाद २७. परफेक्ट गेमची याहून नेटकी व्याख्या मला माहीत नाही.

ताळा जुळल्यावर याच आकड्याचा आणखी एक उपयोग करता येतो. २९ ला ९ ने भागले की तीन पूर्ण फेऱ्या होतात आणि दोन उरतात. म्हणजे यांकीजचा शेवटचा फलंदाज क्रमांक दोनचा, कॉलिन्स होता, आणि म्हणूनच फक्त बाउअर आणि कॉलिन्स यांच्यापुढे चार एबी आहेत. तसेच मँटलच्या होम रनची जागाही शोधता येते. तो तिसऱ्या क्रमांकाचा, आणि होम रन चौथ्या डावात. पहिल्या तीन डावांत मॅग्लीने नऊच्या नऊ फलंदाज परतवले असतील तर चौथ्यात पुन्हा बाउअरपासून सुरुवात होते, आणि मँटल हा मॅग्लीसमोर आलेला बारावा फलंदाज ठरतो. प्रत्यक्षातही तसेच घडले होते. त्या क्षणापर्यंत मॅग्लीनेही ओळीने अकरा फलंदाज बाद केले होते, म्हणजे मैदानात तोवर दोन परफेक्ट गेम चालू होते.

ताळा जुळला नाही तर आधी नवव्या डावाची फुली पाहावी, मग अंगाला चेंडू लागून बेस मिळालेले आणि बलिदानाचे उंच फटके मोजले आहेत का ते पाहावे, आणि शेवटी कॅचरच्या अडथळ्यामुळे बेस मिळाल्याची दुर्मीळ नोंद शोधावी. आजच्या तक्त्यांत प्रत्येक फलंदाजापुढे वेगळा ‘एलओबी’ (बेसवर अडकलेले) रकाना असतो. त्याची बेरीज ताळ्यात धरू नये. बेसवर अडकलेला एकच खेळाडू दोन-तीन फलंदाजांच्या नावांवर पुन्हा पुन्हा मोजला जातो, त्यामुळे ती बेरीज संघाच्या खऱ्या आकड्यापेक्षा जवळजवळ नेहमीच मोठी येते.

बॉक्स स्कोर जिथे थांबतो

फलंदाज कसा बाद झाला हे क्रिकेटच्या धावफलकात नावापुढेच लिहिलेले असते, बॉक्स स्कोरमध्ये नसते. त्यासाठी चेंडूगणिक भरलेली स्कोअरशीट लागते. जुन्या सामन्यांच्या अशा नोंदी जमवण्याचे मोठे काम १९८९ मध्ये सुरू झालेल्या रेट्रोशीट या उपक्रमाने केले आहे, आणि तिथल्या नोंदी कोणालाही विनामूल्य वाचता येतात. अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांतली मुले शाळेत बेसबॉल खेळतात, त्यांनी एखादा जुना सामना घेऊन मुलांसोबत कागद-पेन्सिलीने ताळा करून पाहावा. खेळ समजण्याचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

दुसऱ्या डावात रॉबिन्सनने मारलेला जोरदार फटका तिसऱ्या बेसवरच्या केरीच्या ग्लव्हला लागून उडाला, नेमका शॉर्टस्टॉप मॅक्डूगल्डकडे गेला आणि त्याने तो पहिल्या बेसवर फेकून रॉबिन्सनला जेमतेम बाद केले. स्कोअरशीटवर ते ५-६-३ आहे. चेंडू नुसता हाताला लागून वळला तरी त्यातून गडी बाद झाल्यास ‘असिस्ट’ मिळतो, म्हणून केरीच्या नावावरही एक असिस्ट आहे. पाचव्या डावात हॉजेसने डाव्या-मध्य भागात खोलवर मारलेला चेंडू मँटलने धावत जाऊन टिपला. बॉक्स स्कोरमध्ये तो मँटलच्या ‘पुटआउट’च्या (स्वतः बाद केलेल्या गड्यांच्या) रकान्यातला एक आकडा आहे, सोप्या झेलाइतकाच.

आणि सत्ताविसावा फलंदाज. ब्रुकलिनच्या तक्त्यात मॅग्लीपुढे २ एबी आहेत आणि त्याखाली डेल मिचेलपुढे १, सोबत एक छोटे अक्षर. खालच्या टिपेत त्याचा खुलासा आहे: नवव्या डावात मॅग्लीच्या जागी, स्ट्राइकआउट. ‘स्ट्राइकआउट’साठी ‘के’ हे अक्षर चॅडविकनेच रूढ केले, इंग्रजी ‘स्ट्रक’ शब्दाचे शेवटचे अक्षर म्हणून. फलंदाजाने बॅट न फिरवताच पंचाने तिसरा स्ट्राइक दिला, तर अनेक स्कोअरर तेच अक्षर उलटे काढतात. मिचेलने बॅट फिरवायला सुरुवात करून ती आवरली, आणि पिनेलींनी स्ट्राइक दिला. चेंडू बाहेर होता असे मिचेल पुढे सांगत राहिला. सुमारे ४,००० एबीच्या कारकिर्दीत तो फक्त ११९ वेळा स्ट्राइकआउट झाला होता. लार्सनचा तो ९७ वा चेंडू होता, आणि त्याच्या ओळीतल्या सात स्ट्राइकआउटपैकी सातवा.